भुतंखेतं, देवबाबा आणि मी

बरेच दिवस या विषयावर लिहायचं मनात होतं, पण टाळत होतो. कारण हे वाचणारे दोन प्रकारचे. निम्मे माझ्यासारखेच लिहिणारे मित्र, 'भूत' हा शब्द दिसला की गालातल्या गालात हसणारे. आणि निम्मे आमचा घरचा गोतावळा, चुलत-मावस-आत्ते वगैरे, जो म्हणणार, "हा आता देवाधर्मावर घसरला!" दोघांनाही एकच विनंती. शेवटपर्यंत वाचा आणि मग काय बोलायचं ते बोला.

तर आधी कबुली. मला लहानपणापासून अज्ञात गोष्टींची भयंकर ओढ आहे. भुतं, मंत्रतंत्र, पुनर्जन्म, साधू-फकीर, सिद्धी, समाधी... यातलं काहीही कुठे छापून आलं की मी आधी ते वाचतो आणि मग बाकीचा पेपर. साठी ओलांडली तरी ही खोड गेलेली नाही.

याला जबाबदार आमचं गाव. नेवासा तालुक्यातलं, दोनेकशे उंबऱ्यांचं. वीज आली होती, पण ती बहुतेक वेळा 'गेलेली'च असायची. रात्री ओट्यावर आजोबांभोवती आम्ही पोरं गोळा व्हायचो. पिंपळावरचा मुंजा, विहिरीवरची हडळ, अमावास्येला निघणारी वेताळाची पालखी. या सगळ्यांत आजोबांचा स्वतःचा म्हणून एकच अनुभव होता, तो चकव्याचा. बाजाराहून परत येताना रात्र झाली, आभाळ भरलेलं, चांदणी दिसत नाही. रस्ता सोडून नांगरटीतून आडवे निघाले आणि कोंबडा आरवेपर्यंत चालत राहिले. उजाडल्यावर बघतात तर ज्या बांधावरून निघाले होते त्याच बांधावर उभे! ही गोष्ट आम्ही किमान शंभर वेळा ऐकली असेल, आणि दर वेळी अंगावर काटा यायचा.

पुढे २००९ साली जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या संशोधकांचा एक प्रयोग वाचनात आला. त्यांनी माणसांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगितलं आणि त्यांचा मार्ग नोंदवला. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले. तो झाकला गेला की नकळत गोल फिरायला लागले, आणि आपण सरळच चाललोय असं त्यांना वाटत राहिलं. मी मनातल्या मनात आजोबांना हाक मारली. आजोबा खोटं बोलत नव्हते! त्यांना खरोखर चकवा लागला होता. फक्त चकवा लावणारं कुणी बाहेर नव्हतं.

आणि गंमत अशी, की उत्तर कळल्यामुळे गोष्टीतली मजा कमी झाली नाही, उलट वाढली. उत्तर मिळालं की गूढ संपतं असं लोकांना का वाटतं, मला कळत नाही. आपले पाय आपल्यालाच न सांगता गोल फिरतात, यापेक्षा गूढ ते काय असायचं?

मग वाचनालयाचं वय आलं. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी या दोघांनी माझ्या कित्येक रात्रींची झोप खाल्ली, त्याबद्दल दोघांचा कायमचा ऋणी आहे. पुढे होस्टेलला गेलो तिथे प्लँचेटचं वेड. कागदावर अक्षरं गोलात लिहायची, मध्ये उलटी वाटी, तिच्यावर तिघांची बोटं, खोलीत उदबत्ती. वाटी खरंच सरकायची! एका मित्राची वारलेली आजी 'आली' आणि तिने नातवाचं घरातलं लाडाचं नाव अक्षर अक्षर जुळवून सांगितलं. तो ढसाढसा रडला. आम्हीही गप्प झालो.

आमच्यातला एक जण मात्र चिकित्सक. म्हणाला, पुढच्या वेळी तिघांच्या डोळ्यांवर रुमाल बांधू आणि न सांगता कागद फिरवून ठेवू. तसं केलं. वाटी पूर्वीसारखीच झोकात सरकली, पण जिथे आधी अक्षरं होती तिथे! कागदावर जे उमटलं त्याला ना शेंडा ना बुडखा. पुढे वाचलं की मायकेल फॅरेडेने, तोच विजेवाला, १८५३ साली असाच प्रयोग 'हलणाऱ्या टेबला'वर केला होता. टेबल भुतं हलवत नव्हती, बसलेल्या माणसांचे हातच नकळत ढकलत होते. आमच्यापैकीही कुणी लबाडी केली नव्हती. मित्राचं लाडाचं नाव त्याच्याच बोटांना माहीत होतं. आजी आली होती, पण ती त्याच्याच आतून.

इथवर सगळं गमतीचं. आता जे लिहितोय ते घरातसुद्धा कधी बोललो नव्हतो.

१९७३ साल. मी अकरा वर्षांचा. आमच्या वस्तीजवळच्या एका माणसाला पान लागलं. (शहरी मित्रांसाठी: साप चावला असं आमच्याकडे म्हणत नाहीत, 'पान लागलं' म्हणतात.) त्याला मारुतीच्या देवळापुढे आणून ठेवलं. भगत आला. मंत्र म्हणत पाण्याचे हबके मारले, कडुलिंबाचा पाला खायला दिला. आधी म्हणाला गोड लागतो, आणि तासाभराने म्हणाला कडू लागतो. कडू लागला म्हणजे विष उतरलं. तो माणूस उठून स्वतःच्या पायांनी घरी गेला. हे मी स्वतः, अगदी पुढे बसून पाहिलं. पुढे वर्षभर मी ही गोष्ट शाळेत, मळ्यात, लग्नकार्यात, जिथे मिळेल तिथे सांगत होतो. सांगायचोही रंगवून. लोक मला बोलावून सांगायला लावत.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यातली रात्र. आम्ही पोरं ओळीने जमिनीवर झोपलो होतो. माझा धाकटा चुलतभाऊ, नऊ वर्षांचा, मध्यरात्री उठला आणि पोट दुखतं म्हणायला लागला. काकूने ओवा दिला, पोट शेकलं. थोड्या वेळाने त्याच्या पापण्या खाली यायला लागल्या. झोप आली असेल म्हणून त्याला निजवलं. मग बोलणं जड झालं, थुंकी गिळता येईना. कंदील जवळ नेला तेव्हा दंडावर दोन बारीक ठिपके दिसले. सूज नाही, रक्त नाही. आज माहीत आहे की मण्यार अशीच चावते. रात्री, जमिनीवर झोपलेल्याला, आणि बऱ्याचदा माणसाला जाग येण्याइतकीही दुखत नाही.

काका म्हणाले, बैलगाडी जुंपतो, तालुक्याला नेऊ. दुसरं कुणी म्हणालं, ओढ्याला पाणी आहे, भगत जवळ आहे. काकू माझ्याकडे वळली. "तू पाह्यलं होतं ना रे? उठला होता ना तो?"

मी म्हणालो, "हो काकू. माझ्या डोळ्यांनी पाह्यलंय."

भावाला देवळापुढे नेलं. पहाटे तो गेला.

प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या रात्री दवाखान्याकडे निघालो असतो तर तो वाचलाच असता असं नाही. रस्ता कच्चा, ओढा भरलेला, आणि पुढे तालुक्याला प्रतिविष मिळालं असतं की नाही कुणास ठाऊक. हे मी स्वतःला हजार वेळा सांगितलंय. पण निघालो नाही हेही खरं, आणि त्यात माझा शब्द होता हेही खरं.

मग त्या पहिल्या माणसाचं काय? तो कसा उठला? याचं उत्तर मला फार उशिरा कळलं आणि ते अगदी साधं आहे. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. माणसं मारतात ते मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. त्यातही विषारी साप दर वेळी विष सोडतोच असं नाही, कोरडा दंशही असतो. म्हणजे भगताकडे आलेल्यांतले पुष्कळ जण काहीही न करता बरेच होणार होते. जे बरे झाले ते गावभर सांगत फिरले. जे गेले ते सांगायला कुठून येणार? त्यांच्या घरचे म्हणाले, आयुष्य तेवढंच होतं. अशी भगताची कीर्ती वाढत जाते, आणि त्याला लबाड असण्याचीही गरज पडत नाही. मी जे पाहिलं ते खरंच होतं. मी त्याचा लावलेला अर्थ चुकला होता.

म्हणून 'मी डोळ्यांनी पाहिलंय' असं कुणी म्हणालं की मला आजही धसका बसतो. डोळ्यांनी तर २१ सप्टेंबर १९९५ ला सगळ्या देशाने गणपतीला दूध पिताना पाहिलं! मीही रांगेत होतो, चमचा घेऊन. माझ्याही हातून प्याला. शास्त्रज्ञांनी रंगीत दूध पाजून दाखवलं तेव्हा कळलं की पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढलं जातं आणि ओल्या मूर्तीवरून पातळ थराने खाली उतरतं. त्या दिवशी कुणाचं काही बिघडलं नाही, थोडं दूध वाया गेलं इतकंच. पण डोळे तेच, आणि विश्वासही तोच.

मग इतकं सगळं झाल्यावर हा माणूस पक्का नास्तिक झाला असेल असं तुम्हाला वाटेल. तसं झालं नाही. त्याचं कारणही आमचा हा जिल्हाच आहे. (२०२४ मध्ये अहिल्यानगर झाला, पण तोंडात अजून नगरच येतं.)

बघा ना, आमच्याकडे काय नाही! नेवाशाला प्रवरेकाठी तो पैस खांब, ज्याला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० ला, ज्ञानेश्वरी सांगितली असं मानतात. तिथून जवळच बिनदाराच्या घरांचं शनिशिंगणापूर. मढीला कानिफनाथ. गोदाकाठी पुणतांब्याला चांगदेवांची समाधी. शिर्डी तर जगाला माहीत. आणि नगरच्या दक्षिणेला अरणगावजवळ मेहेराबाद.

यातले चांगदेव मला फार जवळचे वाटतात. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. चौदाशे वर्षांचे योगी, वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन निघाले, आणि ही चार भावंडं भिंतीवर बसून सामोरी गेली. भिंत चालली का, हा प्रश्न लहानपणी मला छळायचा. आता छळत नाही. मला आता त्या आधीचा प्रसंग मोठा वाटतो. सगळ्या सिद्धी असलेल्या माणसाला, वयाने कितीतरी लहान असलेल्या ज्ञानेश्वरांना पत्र लिहिताना मायना काय घालावा तेच कळेना, म्हणून त्याने कोरा कागद पाठवला! आणि उत्तरादाखल आलेल्या चांगदेव पासष्टीत चमत्काराची शिकवणी नाही. मी आणि तू वेगळे आहोत का, याचा विचार आहे. पतंजलींच्या योगसूत्रांतही सिद्धींचं वर्णन करून झाल्यावर त्या समाधीच्या आड येतात असा इशारा आहे. म्हणजे चमत्काराच्या मागे लागू नका हे सांगणारे आमच्याच घरातले, आणि फार जुने.

दुसरी एक गोष्ट. शिर्डीच्या साईबाबांचं चरित्र, साईसच्चरित, ओव्यांत लिहिलं ते गोविंद रघुनाथ दाभोलकरांनी. बाबांनी त्यांना हेमाडपंत म्हटलं. ते सुरूच होतं जात्यावरच्या गव्हापासून. बाबा स्वतः दळायला बसले, बायांनी पुढे होऊन दळण पुरं केलं, आणि बाबांनी ते पीठ गावाच्या शिवेवर टाकायला लावलं. महामारीची साथ होती, ती हटली अशी श्रद्धा. आणि दुसरे दाभोलकर, डॉ. नरेंद्र. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली, चमत्कारांच्या दाव्यांना आव्हान देत गावोगाव फिरले, शिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाता यावं म्हणून लढले, आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेलेले असताना गोळ्या घालून त्यांना मारलं. ज्या कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं धडपड केली तो त्याच वर्षी झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्या कायद्यात गुन्हा आहे.

हे कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पेपर खाली ठेवला आणि बराच वेळ उठलो नाही. एकोणचाळीस वर्षं उशिरा आलं होतं ते, आमच्यापुरतं.

माझ्या कपाटात दोन्ही दाभोलकर शेजारी शेजारी आहेत. पाहुणे हसतात. मला त्यात विसंगती वाटत नाही. महामारी पाण्यातून पसरते, पिठाने ती हटत नाही, हे मला माहीत आहे. पण हादरलेल्या गावात एक फकीर जात्यावर बसतो आणि चार बाया येऊन खुंट्याला हात लावतात, त्यात माणसांना धरून ठेवणारं काहीतरी आहे, हेही मला दिसतं. समितीची भूमिकाही देवाधर्माला विरोध नाही, त्याच्या नावाने होणाऱ्या शोषणाला विरोध, अशीच राहिली आहे. हे दोन्हीकडचे लोक सोयीस्करपणे विसरतात.

माझ्या बुद्धिवादी मित्रांशी माझं भांडण आहे ते इथे. ते चुकीच्या जागी हसतात. भाऊ गेल्यावर काकू तीन महिने कुणाशी बोलली नाही. मग गावातल्या बायांबरोबर एका रामनवमीला पायी शिर्डीला गेली, आणि परत आली ती बोलायला लागूनच. दर वर्षी जायची. दरवाजामागे उदीची पुडी खोचलेली असायची. तिला त्या पुडीने जे दिलं ते देणारं दुसरं काहीही तेव्हा आमच्या घरात नव्हतं. माझ्याकडे तर नव्हतंच. तिला मी कोणत्या तोंडाने अंधश्रद्ध म्हणू?

आणि देवभोळ्या नातेवाइकांशी भांडण आहे ते असं, की ते चुकीच्या जागी गप्प बसतात. कुणी बाबा आजाऱ्याच्या गोळ्या बंद करायला लावतो, कुणी एखाद्या विधवेवर करणीचा आळ घेतो, कुणी गुप्तधनासाठी जमीन विकायला लावतो, तेव्हा 'आपल्याला काय कळतंय' म्हणून मान खाली घालायची. अरे, मारुतीपुढे हात जोडायला जसं कुणाला विचारावं लागत नाही, तसंच असल्या माणसाला दाराबाहेर काढायलाही विचारावं लागू नये.

तर माझं मत एवढंच आहे. ओढ असू द्या. भुताच्या गोष्टी सांगा, समाधीपुढे बसा, ध्यान करा, मेल्यावर काय होतं याचा जन्मभर विचार करा. त्याशिवाय आयुष्य फार सपाट होईल. पण शीव आखून घ्या. ज्या गोष्टीवर दुसऱ्याचा जीव, पैसा किंवा अब्रू अवलंबून आहे तिथे 'मी डोळ्यांनी पाहिलंय' चालणार नाही. तिथे तपासून घ्यायचं, आणि तपासायला वेळ नसेल तर आधी दवाखाना.

मी स्वतः अधूनमधून मेहेराबादला जातो. भक्त म्हणून नाही, तिथल्या शांततेसाठी. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ ला मौन घेतलं ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत पाळलं. आधी अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून बोलायचे, १९५४ मध्ये तीही सोडली आणि खुणा उरल्या. चव्वेचाळीस वर्षं! गूढ म्हणावं तर हे. मला एका वाक्याचं ओझं पन्नास वर्षं वाहवलं नाही, म्हणून मौनाबद्दल आदर जरा जास्तच.

आता शेवटचं. गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. काकू आता पंच्याऐंशीच्या पुढे. तिचा नातू रात्रीच्या लाइटवर कांद्याला पाणी द्यायला गेला होता. (रात्रीची लाइट म्हणजे काय हे ज्याच्या घरी शेती आहे त्यालाच कळेल.) पाटात पाय पडला आणि घोणस चावली. पोराला घरी आणलं. एक म्हातारे गृहस्थ सवयीने म्हणाले, देवळाकडे न्या. मी त्या रात्री गावीच होतो. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत खाटेवरून काकूचा आवाज आला.

"आधी गाडी काढा. देवाचं मी बघते."

शेजाऱ्याची जीप निघाली. काकू हट्टाने पुढच्या सीटवर. सबंध रस्ता तिने कनवटीची उदी मुठीत धरली होती आणि जीप रुग्णालयाच्या दारात थांबल्यावर, स्ट्रेचर येईपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात, ती पोराच्या कपाळाला लावली. आत डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवलं. गोठलं नाही. मग प्रतिविषाच्या दहा कुप्या, आणि नंतर आणखी. पाय बरेच दिवस सुजलेला होता, पण पोरगा उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात मी आणि काकू दोघंच होतो. मी म्हणालो, "काकू, त्या वेळी मी..."

तिने मला पुढे बोलू दिलं नाही. म्हणाली, "तू बारा वर्सांचं पोर व्हता. इचारलं मी व्हतं."

म्हणजे तिलाही आठवत होतं. एवढी वर्षं दोघंही तेच घेऊन बसलो होतो, आणि दोघंही समजत होतो की ते आपल्या एकट्याचं आहे.

असो. लिहून हलकं वाटलं. गोतावळ्यातल्या कुणाला हे वाचून राग आला असेल तर येऊ द्या, पण गावी रात्री बॅटरी आणि बूट घातल्याशिवाय रानात जाऊ नका, आणि पोरांना खाटेवर मच्छरदाणीत झोपवा. मित्रांना हसायचं असेल तर चकव्यावर हसा. आजोबांनाही आवडेल.